येझदी २५० गरम झाली की दम सोडते: बोअर करण्याआधी सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

गाडी येझदी २५० क्लासिक, १९८२ची, सोलापूर पासिंग. काकांनी नवी घेतली होती, आता माझ्याकडे आहे. ६ व्होल्टचा डायनॅमो, पॉइंट, कॉइल सगळं मूळच्याच पद्धतीचं. कार्बोरेटर तेवढा जिकोव काढून मिकार्ब बसवलाय, पण त्याला बरीच वर्षं झाली आणि त्यावर गाडी उत्तम पळत होती.

त्रास असा आहे. सकाळी थंड इंजिनवर एका किकला सुरू. सात रस्ता, नवी पेठ, बाळीवेस असं गावातल्या गावात फिरवली तर काही कळतच नाही. पण तुळजापूर रोडला लागून दहा-बारा किलोमीटर झाले की चौथ्या गिअरात पन्नासच्या पुढं ओढत नाही. ॲक्सिलरेटर पिळला तर आवाज जड होतो आणि मधूनमधून मिसिंग मारते. घाटात थेट दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. हीच गाडी तो घाट डबलसीट तिसऱ्यात चढायची. झाडाखाली अर्धा तास उभी केली की परत नीट. मागून येणारे सांगतात की धूर पांढरट आहे आणि बराच वेळ हवेत राहतो. अशा वेळी प्लग काढला तर ओला, तेलकट काळा निघतो. कोरडी काजळी नव्हे, तेल.

आतापर्यंत झालेलं काम: पॉइंट आणि कंडेन्सर नवे, गॅप फिलर गेजनं ०.४ मिमी. प्लग नवा. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, टाकी आणि कॉक धुतला, फिल्टर साफ. दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या जाळून साफ केल्या, दोन्ही एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन लाकडी पट्टीनं खरवडून काढला. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली, टूटी (टू-स्ट्रोकचं).

आमचे मेस्त्री अनुभवी आहेत, त्यांच्या हाताखालून शेकडो जावा-येझदी गेल्यात. ते म्हणतात, "बोअर गेलंय बघा. गरम झालं की पावर सोडालालीय म्हणजे तेच." म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय, तो कापून मोठा करायचा आणि मोठा पिस्टन घालायचा. माझं मन मानत नाही. एक तर सिलिंडर आधीच दुसऱ्या ओव्हरसाइजवर आहे, म्हणजे दोनदा कापून झालंय. मूळ बोअर ६५ मिमी; पुढं कापत गेलं की लायनरचं आयुष्य संपत जातं. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद झाला, त्यामुळे बरा पिस्टन मिळेल का, हा वेगळाच प्रश्न. दुसरं म्हणजे कॉम्प्रेशन गेज लावून पाहिलं तर थंड आणि गरम इंजिनमधला फरक अगदी किरकोळ आहे. बोअर गेलं असतं तर गरम झाल्यावर कॉम्प्रेशन पडायला हवं होतं ना?

सिलिंडर उतरवण्याआधी आणखी काय तपासू? ज्यांनी स्वतः टू-स्ट्रोक उघडल्यात त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद, बार्शीहून:

दादा, टाकीचं झाकण सैल ठेवून त्याच रस्त्यावर नेऊन बघा. झाकणाचं वारं घ्यायचं छिद्र बुजलं की काही किलोमीटरनं पेट्रोल उतरायचं थांबतं आणि लक्षणं अशीच दिसतात. दुसरं म्हणजे आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यानं जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं. मेन जेट एक नंबर मोठा करून बघा.

प्रतिसाद, लातूरहून:

कॉइलवर माझा संशय. जुनी कॉइल गरम झाली की ठिणगी पिवळी, अशक्त होते. गाडी दम सोडेल तिथंच उभी करा, प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारून ठिणगी बघा. घरी येऊन बघितलं तर तोवर सगळं थंड झालेलं असतं आणि ठिणगी निळी दिसते. नवा कंडेन्सरसुद्धा बिनभरवशाचा असतो, हल्ली बाजारात कसले येतात ते सांगता येत नाही. जुना चालू कंडेन्सर ठेवला असेल तर लावून बघा.

मूळ धागाकर्ता:

दोघांचेही आभार. झाकण सैल ठेवून नेली, फरक नाही. घाटाच्या पायथ्याशी थांबून ठिणगी पाहिली: निळी आणि जाड. जुना कंडेन्सर लावूनही तेच. जेटचं म्हणाल तर मिश्रण पातळ असतं तर प्लग पांढरट, भाजल्यासारखा निघाला असता. माझा ओला निघतो. म्हणून जेटला हात लावलेला नाही.

प्रतिसाद, कोल्हापूरहून:

काका, तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत, पांढरा धूर आणि तेलकट प्लग. गिअर ऑइलची पातळी पाहिलीत का? नसेल तर आजच पाहा, आणि वाससुद्धा घ्या.

कारण सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली ओढ तयार होते, त्या ओढीनं कार्बोरेटरकडून हवा-पेट्रोल आत येतं. पिस्टन खाली येताना तेच दाबून ट्रान्सफर पोर्टमधून वर ढकललं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात ती याचसाठी. येझदीत उजव्या बाजूला डायनॅमो. त्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा ओढली जाते: मिश्रण पातळ, आयडलिंग वरखाली, इंजिन भाजतं. डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच, आणि तिथलं ऑइल गिअरबॉक्सशी एकच. ते सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं. ऑइल थंड आणि घट्ट असेपर्यंत कडक झालेलं सील कसंबसं रोखून धरतं. दहा-बारा किलोमीटरनं ऑइल पातळ झालं की आत जायला लागतं. प्लग भिजतो, पांढरा धूर निघतो आणि दाब बनत नसल्यानं ओढही जाते. हेडवरचं कॉम्प्रेशन मात्र चांगलं दाखवतं, कारण ते पिस्टनच्या वरचं. तुमचं गेज बरोबरच सांगतंय.

आता चाचणी. कार्बोरेटर आणि दोन्ही एक्झॉस्ट पाइप काढा. येझदीला दोन एक्झॉस्ट पोर्ट आहेत, दोन्ही बुजवा: ट्यूबच्या रबराचा तुकडा आणि वरून पत्र्याची पट्टी. इनटेकही तसाच बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून सिलिंडर आणि क्रँककेस एक होतात. जुन्या प्लगच्या आतली चिनीमाती फोडून त्यात नळी बसवा आणि तिला बीपी तपासायच्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडा. काटा २५० ते ३०० पर्यंत चढवा. त्यापेक्षा जास्त नको, कम्प्रेसर तर अजिबात नको, चांगलं सीलही जागेवरून उठेल. काटा टिकला तर सील ठीक. झरझर उतरला तर गिअर ऑइल भरायच्या तोंडावर साबणाचा फेस धरा. फुगला तर डावं सील. हेड आणि सिलिंडरच्या गॅस्केटवर, इनटेकच्या जोडावरही फेस लावा. आणि ही चाचणी गाडी फिरवून आणल्यावर लगेच करा, हातमोजे घालून. तुमचा आजार गरम इंजिनचा आहे, थंड इंजिनवर तो सापडणार नाही.

मूळ धागाकर्ता:

कोल्हापूरकर, मनापासून आभार. गिअर ऑइलची पातळी बरीच खाली होती आणि गाडीखाली फरशीवर एक थेंब नाही. ऑइलला पेट्रोलचा वास स्पष्ट येतो.

चाचणी मेस्त्रींसमोर, त्यांच्याच गॅरेजमध्ये केली. थंड इंजिनवर काटा हळूहळू उतरला. विजापूर रोडला फिरवून आणून पुन्हा लावला तर धरेचना. ऑइलच्या तोंडावरचा फेस लगेच फुगला. डायनॅमोकडे आणि गॅस्केटवर काही नाही. मेस्त्रींनी स्वतः फुगा दाबून परत बघितलं आणि म्हणाले, "बोअर नको करू, सीलच हाय." त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

आता दोन प्रश्न. क्रँकचं प्रायमरी स्प्रॉकेट काढायचा पुलर इथं मिळत नाही. मेस्त्रींकडचा जुना पुलर झिजलाय. हातोडीनं ठोकून काढायला मी नको म्हणालो, ते बरोबर आहे ना? आणि इथेनॉलच्या पेट्रोलला कोणत्या रबराचं सील टिकतं?

प्रतिसाद, कोल्हापूरहून:

अगदी बरोबर. स्प्रॉकेट टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, घट्ट बसलेलं असतं आणि क्रँक प्रेस करून जोडलेला. ठोकलात तर क्रँकची सरळ रेषा बिघडते, मग खरंच सगळं इंजिन उघडावं लागेल. लेथवाल्याला स्प्रॉकेट दाखवून पुलर बनवून घ्या. तुमच्याकडे एमआयडीसीत हे काम सहज होईल.

सील व्हिटॉन रबराचं घ्या, पेट्रोल आणि उष्णता दोन्हीला टिकतं. जुनं सील काढलं की त्यावरचा छापील साइज वाचा आणि मोजूनही घ्या. बसवण्याआधी क्रँकच्या शाफ्टवर नख फिरवा. जुन्या सीलच्या ओठानं खाच पाडली असेल तर नवं सीलही गळेल. अशा वेळी सील थोडं आत किंवा बाहेर सरकवून बसवा, ओठ न झिजलेल्या जागेवर टेकला पाहिजे. ओठाला ग्रीस लावायला विसरू नका. क्रँकचं बेअरिंगही हलवून बघा. त्यात खेळ असेल तर नवं सील महिनाभरही टिकणार नाही आणि बेअरिंगसाठी केस उघडावीच लागेल.

मूळ धागाकर्ता:

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाल्याला स्प्रॉकेटचं माप देऊन आलोय. पुलर हातात आला की डावं कव्हर उघडतो आणि शाफ्ट व बेअरिंगची अवस्था इथं लिहितो. तोवर या बाजूचं सील कुणी केस न फोडता बाहेरून बदललं असेल तर कसं बदललं ते जरूर सांगा.