'औष्णिक' म्हटलं की राख कुठून येते?

तळटीप: भाषांतर करतेय. समुद्राचं वरचं पाणी पंचवीस-सव्वीस अंश, हजार मीटर खाली चार-पाच, आणि या फरकावर काढलेली वीज. मी 'सागरी औष्णिक ऊर्जा' लिहिलं. ज्यांना वाचायला दिलं त्यांचा पहिला प्रश्न: "मग राख कुठे टाकतात?" दुसरा शब्द सुचवा.

खलाशी: शब्द बरोबर आहे. वरच्या कोमट पाण्याने अमोनिया उकळतो, त्याची वाफ टर्बाइन फिरवते, खालून उपसलेल्या गार पाण्याने तिचा पुन्हा द्रव होतो. जळत काहीच नाही, पण काम उष्णतेचंच. कोळशाने शब्द बळकावला म्हणून आपण सोडून द्यायचा का?

जुना_रेडिओ: वाचकाला राख दिसली की संपलं. 'तापमान-तफावतीची वीज' म्हणा.

दीर्घ_ऊ: तफावत अरबी. साधा 'फरक' चालेल.

जुना_रेडिओ: आणि 'फरक' कुठला? तोही अरबीच!

दीर्घ_ऊ: तो रुळलाय.

जुना_रेडिओ: म्हणजे तुम्ही शाळेत शिकलात ते आपले, बाकीचे उपरे.

माजघर: 'अंतर' नको, लोक मीटरमध्ये मोजतील. 'भेद'ही नको, समुद्रात फूट पडल्यासारखं वाटतं. आमची आजी तापलेल्या पाण्याला 'ऊन पाणी' म्हणायची. उष्ण वरूनच ऊन, उष्णकाल वरून उन्हाळा. 'ऊन-गार वीज' कशी वाटते?

खलाशी: छान आहे, पण आता 'ऊन' म्हटलं की सौरऊर्जा वाटेल.

माजघर: वाटू दे की! वरचं पाणी तापवतो कोण?

खलाशी: 😀 मान्य. तरी ऊन-गार ऐकून फार मोठं काही होतंय असं वाटायला नको. २६ आणि ५ अंशांमध्ये सिद्धांतानेच जास्तीत जास्त सात टक्के उष्णतेची वीज होते. प्रत्यक्षात दोन-तीन टक्के, आणि त्यातूनच पंपही चालवायचे. कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनव्हालची, १८८१ची. त्याचा शिष्य जॉर्ज क्लोद याने १९३० साली क्यूबात मातान्सास इथे २२ किलोवॅट काढले. यंत्रणा चालवायलाच त्याहून जास्त लागले. त्याच्याकडे अमोनिया नव्हता बरं का. निर्वात करून समुद्राचं पाणीच उकळलं होतं.

तळटीप: हे लेखात घालते. पण शब्द?

दीर्घ_ऊ: 'सागर-ऊष्मा वीज'. मात्र ऊ दीर्घ.

जुना_रेडिओ: 'उष्माघात' सगळे ऱ्हस्व लिहितात.

दीर्घ_ऊ: सगळे चुकतात.

माजघर: आणि लेखात 'अक्षय ऊर्जा' लिहिलंयत की 'नूतनीकरणक्षम'? दुसरा उच्चारताना जीभ नूतनीकरणाला जाते.

खलाशी: अक्षय कसं? सूर्यही कधीतरी संपणारच.

माजघर: तोवर तुमचा लेख कोण वाचतंय?

तळटीप: संपादकांनी या तंत्राचं इंग्रजी लघुरूप, 'ओटेक' (OTEC), तसंच छापलं. आता विचारणा आलीय, ही कंपनी कुठली?

दीर्घ_ऊ: मूळ संस्कृत ऊष्मन्. कोश उघडून बघा.

जुना_रेडिओ: उघडलाय. उष्मन् पण आहे.