पितळेच्या भांड्यांवरची नावं फोटोत येत नाहीत, आणि 'रोज एक' हा नेमही टिकत नाही

परातवाली:
नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत अडकलेत म्हणून एकदमच विचारते.

सासरचं साताऱ्याचं घर विकायला काढलं तेव्हा माळ्यावरची तांब्या-पितळेची सगळी भांडी पोत्यांत भरून माझ्याकडे चिंचवडला आली, कारण बाकी कुणालाच नको होती. दिवाळीनंतर आम्हा तिघी जावांत वाटणी आहे. धाकटीने सरळ सांगितलंय की तिच्या वाट्याचं ती मोडीत घालणार. तिचंही खरं आहे, चौथ्या मजल्यावर हंडा ठेवायचा कुठे? तर त्याआधी प्रत्येक भांड्याचा एक फोटो असं मी ठरवलंय. खरं तर भांड्याचा नाही, त्याच्यावर घातलेल्या नावाचा.

ही नावं वाचताना माझा तासतास जातो. मोठ्या परातीवर 'वैशाख शके १८८०', म्हणजे १९५८, सासूबाईंचं लग्न. ओगराळ्यावर नुसतं 'मामा', पुढे काही नाही. कुणाचा मामा ते आता सांगणारं कुणी उरलं नाही. एका कळशीवर नाव घालणाऱ्याने 'यांजकडून' इतकं ऐसपैस सुरू केलंय की जागा संपून 'कडून' वरच्या ओळीत चढलंय. जुनी नावं छिन्नीने ठोकलेली, ठिपक्याठिपक्यांची. नंतरची मशीनची, बारीक रेघेची. दिलेल्याचं नाव आहेराच्या यादीत नसलं तरी भांड्यावर सापडतं, ही मला फार मजेची गोष्ट वाटते.

स्टुडिओ म्हणजे मुलाची रिकामी खोली. तो बंगळुरूला असतो. एक स्टूल, त्यावर काळी घोंगडी, सेकंडहँड निकॉन डी५६००, सोबत आलेली १८-५५ लेन्स, गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश, तो दुरून उडवणारा ट्रिगर आणि पांढरी छत्री. घोंगडी उजेड पिऊन टाकते, ती मात्र झकास आहे.

प्रश्न पहिला: फ्लॅश मारला की नावाच्या जागी पांढरा डाग आणि बाकी भांडं काळं. अक्षरं गायब. उलट नको ते सगळं येतं: पोपटी भिंत, छत्रीच्या काड्या, आणि घागरीच्या पोटावर फुलाफुलांच्या मॅक्सीतली मी.

प्रश्न दुसरा: ऑफिसातून सव्वासातला येते, कुकर लावते, आणि जेवणं होईपर्यंत एक भांडं असा नेम आहे. कालनिर्णयावर फुली मारते. पाहुणे आले की एक दिवस चुकतो, आणि मग 'आता मोडलंच की' म्हणून आठवडाभर त्या खोलीत पाऊल पडत नाही. सकाळचं फिरणंही याच रस्त्याने गेलं. हे लोक वर्षवर्ष रोज एक फोटो कसे काढतात?

एकच_दिवा:
ताई, पितळ म्हणजे आरसा. आरशावर टॉर्च मारून आरसा उजळत नाही, त्याला समोर जे दिसतं ते उजळावं लागतं. तुमच्या भांड्याला समोर एक छोटा फ्लॅश दिसतोय, म्हणून एक छोटा पांढरा डाग. बाकी खोली अंधारी, म्हणून बाकी पितळ काळं.

घरात पांढरं धोतर असेल तर दोरीवर पसरून टांगा, स्टुलाच्या अगदी जवळ. फ्लॅश त्याच्या मागे दोनअडीच फुटांवर, म्हणजे कापड कडेपर्यंत सारखं उजळेल. फ्लॅश कापडाला चिकटवलात तर मधोमध पुन्हा डागच. आता भांड्याला अख्खं धोतर दिसेल आणि पितळेचा रंग पितळेसारखा येईल. परात सपाट आहे, तिला एवढं पुरेल. घागर फुगीर, तिला जवळजवळ सगळी खोली दिसते, म्हणून डावीउजवीकडे आणि वर असं तिन्ही बाजूंनी कापड लागेल. त्यात कॅमेऱ्यापुरती फट ठेवा.

कॅमेरा लांब न्या आणि लेन्स ५५ वर ठेवा, म्हणजे प्रतिबिंबात तुम्ही लहान व्हाल. आयएसओ १००, एफ ८, शटर १/२००. तुमच्या कॅमेऱ्यावर फ्लॅश वापरताना शटर याच्या वर नेऊ नका, फ्रेममध्ये काळी पट्टी येईल. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. तसा आला की खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड फोटोत येत नाही, तो प्रश्न मिटला. भिंत तरीही दिसेल, कारण फ्लॅशचाच उजेड तिच्यावर आपटून परत येतो. तिकडे काळं काहीतरी लावा. मॅक्सीचं काय करायचं ते तुम्ही बघा.

आणि कुणी पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कापणारा फिल्टर, घ्या म्हणालं तर थांबा. काचेवरची, पाण्यावरची चमक त्याने कमी होते, पण उघड्या धातूवरच्या चकाकीला तो जवळजवळ काही करत नाही.

घंगाळ:
वरचं सगळं बरोबर आहे, पण छिन्नीच्या नावांना मी उलटं करीन. मशीनची बारीक रेघ उजळ पितळेवर काळी उमटते, तिथे धोतर ठीक. ठिपक्यांचं तसं नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे छोटा खड्डा, त्याच्या भिंती वेगळ्याच दिशेला वळलेल्या. तेव्हा भांड्याला समोर काळी घोंगडीच दिसू दे, आणि फ्लॅश बाजूने इतका खाली घ्या की उजेड पत्र्याला घासून जाईल. पत्रा काळा राहील आणि ठिपक्यांच्या कडा चमकतील. शिलालेख वाचणारेही असाच तिरपा उजेड टाकतात.

दुसरं, हात जोडून सांगतो, फोटोआधी पितांबरीने घासू नका. खाचांत साठलेला काळेपणा हीच तुमची शाई आहे. आधीच लख्ख घासून झालं असेल तर नावावर रांगोळीची बारीक पूड बोटाने पसरा आणि वरची कोरड्या फडक्याने हलकेच टिपून घ्या. खाचांतली राहते. फोटो झाला की धुऊन टाका.

तुमच्यात मठारलेलं तांब्याचं काही आहे का? पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने ठोकून करतात ते. तसं असेल तर जरा मोठा प्रश्न आहे. प्रत्येक ठोका स्वतःचा वेगळा चमकता ठिपका दाखवतो आणि त्या गर्दीत नाव हरवतं. तिथे पुन्हा धोतरच.

गच्चीवाला:
एवढा पसारा कशाला? मी फोनने काढतो. उत्तरेची खिडकी, बाजूला तांदळाच्या पोत्याचा पांढरा कागद, झालं. एडवर्ड वेस्टनने १९३० साली ढोबळ्या मिरचीचा तो प्रसिद्ध फोटो काढला तेव्हा मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या बाजूनेच उजेड फिरून मिरचीवर आला. सामान म्हणाल तर स्वयंपाकघरातलंच.

एकच_दिवा:
@गच्चीवाला, मान्य, पण ताई सव्वासातला घरी येतात. त्या वेळी उत्तरेच्या खिडकीत काय आहे? म्हणून फ्लॅश.

रविवारवाले_काका:
मी दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. '२१ दिवसांत सवय लागते' हे जे सगळीकडे फिरतं त्याचा उगम १९६० च्या सुमाराच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातो. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. चेहऱ्याचा आणि तुमच्या परातीचा काय संबंध? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कृती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे पाहुण्यांना दोष देऊ नका. नुकसान होतं ते नंतरच्या आठवड्याने.

पण मला विचाराल तर तुमचा 'रोज एक' हा नेमच जरा आडवा आहे. भांडं पुसायचं, दोरी बांधायची, कापड टांगायचं, फ्लॅश जुळवायचा, फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर घ्यायचा, आणि हे सगळं कुकरच्या शिट्ट्यांमध्ये! असा नेम पाळणाऱ्याला मी तरी भेटलेलो नाही. वर्षवर्ष रोज काढणारे बहुतेक जण रोज मांडामांड करत नाहीत. मांडणी उभीच ठेवा. खोली रिकामी आहे ना? स्टुलाच्या आणि ट्रायपॉडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, फ्लॅशची पॉवर कागदावर लिहून भिंतीला डकवा. रोजचं काम एवढंच उरू दे: आत जायचं, भांडं ठेवायचं, बटण दाबायचं. कॉम्प्युटरचं सगळं रविवारी. आणि फुली भांडं स्टुलावर ठेवल्याची मारा, फोटो चांगला आला की नाही याची नको.

परातवाली:
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांचं धोतर निघालं, रेशीमकाठी, त्याचा काठ आधी परातीत दिसत होता म्हणून तो मागे दुमडला. 'वैशाख शके १८८०' आता टपोरं आलंय. धाकट्या जावेला पाठवलं तर तिचा लगेच फोन, परात मला ठेवा म्हणून. ही नवीनच अडचण.

काकांचं ऐकून क्रम बदललाय. वार बघून भांडी काढत नाही, आकार बघून काढते. आधी सपाट सगळी: परात, ताटं, ताम्हनं. ती होईपर्यंत दोरी हलत नाही. मग घोंगडी लावून छिन्नीवाली. फुगीर सगळ्यात शेवटी, कारण त्यांची मला धास्ती आहे. फिरण्याचे बूटही दाराशी काढून ठेवलेत, बघू.

@घंगाळ, मठाराचा एक बंब आहे. नाव नाही त्याच्यावर, सुटले. पण एका तांब्याचं नाव गळ्याच्या आत, काठाखाली आहे. तिथे लेन्सही पोचत नाही आणि उजेडही.

घंगाळ:
त्याचा फोटोच काढू नका. पातळ कागद आतून घट्ट दाबून धरा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा, नाव उमटेल. मग त्या कागदाचा फोटो काढा, त्याला खिडकीही चालेल. कागद हलू देऊ नका, मागून कुणाला तरी धरायला सांगा.