मदत हवी आहे: बाबांचा होल बॉडी एमआरआय इंदूरमध्ये कुठे करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही रामबागेत राहतो. बाबांना (वय 71) स्मोल्डरिंग मायलोमा (मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरची सुप्त अवस्था) निघालाय. हाडांच्या मज्जेत विकृत प्लाझ्मा पेशी आहेत, पण त्रास अजून काही नाही. एक्स-रे साफ आले. डॉक्टर म्हणाले, त्यावर विसंबू नका. हाड बरंच झिजल्याशिवाय एक्स-रेत भोक दिसत नाही, एमआरआयमध्ये थेट मज्जाच दिसते. टी-1 चित्रात (एमआरआयचाच एक प्रकार) चरबीची मज्जा उजळ, रोगाची जागा काळसर. 5 मिमी किंवा त्याहून मोठे डाग एकाहून जास्त निघाले, तर मायलोमाच्या 2014 च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे वाट बघायची नाही, उपचार सुरू.

आता पंचाईत अशी, की एका सेंटरने ‘होल बॉडी’ म्हणून दर सांगितला, खोदून विचारलं तर नुसता मणकाच करतात! डिफ्यूजनसकट (पेशींभोवतीच्या पाण्याची हालचाल टिपणारी चित्रं) सगळ्या अंगाचा एमआरआय कुठे होतो?

शिवाय बाबांना बंद जागेची भीती. लिफ्ट सोडून तीन मजले चढतात, बदललेल्या गुडघ्यासकट. त्या नळीत पाऊण तास कसे पडून राहणार? कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? झोपेचं औषध देतात? गुडघ्यातल्या कृत्रिम सांध्याची एमआरआयला अडचण येते का? पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचाय.