लायसन्सवर 'सेटलमेंट' दिसलं की गाडी बाजूला. पत्ता बदलून फरक पडतो का?

रात्रपाळी:
सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. राहतो सेटलमेंटला, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना कोंडलेली जुनी वस्ती. परवा रात्री पावणेअकराला कामावर जाताना नाकाबंदी लागली. मी आणि माझ्याच खात्यातला मित्र, आपापल्या गाडीवर. त्याची पीयूसी संपलेली, तरी "उद्या काढून घे" म्हणून सोडलं. माझे कागद सगळे बरोबर. पण लायसन्सवरचा पत्ता वाचला अन् सूर बदलला. "सेटलमेंट का? डिकी उघड." डिकीत डबा. तोही उघडायला लावला. दोन भाकरी अन् शेंगाची चटणी. मग मोबाईलचं बिल मागितलं. दोन वर्षांपूर्वीचं बिल खिशात घेऊन कोण फिरतं ओ? चाळीस मिनिटं गेली, अर्धी हजेरी कापली.

हजेरीवरून आजी आठवली. तिच्या लहानपणी वस्तीला तारेचं कुंपण होतं, रोज हजेरी द्यायची, बाहेर पडायला पास.

जास्त लागलं ते मित्राचं. 2020 ला अमेरिकेत पोलिसानं मानेवर गुडघा ठेवून जॉर्ज फ्लॉइडला मारलं, तेव्हा यानं आठवडाभर त्याचा फोटो स्टेटसला ठेवलेला. परवा मला म्हणाला, "त्यांचं कामच आहे बे, मनावर घेऊ नको."

बायको म्हणते, जुळे सोलापूरला खोली घेऊ, आधार-लायसन्स तिथलं करू. कुणी केलंय का असं?

जुना शेजारी:
मी केलंय, सहा वर्षं झाली. नाक्यावर त्रास कमी झाला, खोटं कशाला बोलू. पण आडनाव वाचून "मूळचे कुठले?" विचारतातच. घरमालकानंही विचारलं होतं.

निवृत्त हवालदार:
एकतीस वर्षं नोकरी केली. घरफोडी झाली की गाडी आधी तिकडंच वळायची. नव्या पोरांना आम्हीच तसं शिकवलं. कधी एखादा सापडायचा, त्याची गोष्ट वर्षभर चहावर चालायची. रिकाम्या हातानं परत आलो त्या फेऱ्या कुणीच मोजल्या नाहीत, मीही नाही. नाकाबंदी पाहिजेच, रात्री खरंच चोरीच्या गाड्या सापडतात. पण पीयूसी नसलेला सुटतो अन् कागदवाला थांबतो, याला तपासणी म्हणत नाहीत.

कोर्टातला माणूस:
जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. सवय गेली नाही. सुप्रीम कोर्टानं 7 मे 2024 ला दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात सांगितलंय की माणूस मागास समाजातला आहे एवढ्यावरून त्याची नोंद हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदीत, करायची नाही. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरच्या निकालात विमुक्तांना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं.
तुमच्यापुरतं: जागा, वेळ, छातीवरच्या पट्टीवरचं नाव त्याच रात्री लिहून ठेवा. आयुक्तालयात लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

रात्रपाळी:
नाव वाचलंच नाही हो, टॉर्च डोळ्यावर होता. वेळ मात्र लिहून ठेवली. खोलीचं डिपॉझिट ऐकून बायकोही गप्प झालीय, पत्ता सध्या आहे तोच. अन् मोबाईलचं बिल सापडलं, रेशनकार्डाच्या पिशवीत. प्लास्टिकात घालून डिकीत ठेवलंय, डब्याच्या खाली.