मदत हवी आहे: मादी हरवली, नर एकटा, कबुतराची अंडी कशी वाचवावी?

नमस्कार मंडळी. जोडीतली मादी काल उडाली ती परतलीच नाही. दुसरं अंडं पडून आज दहावा दिवस. टॉर्चवर दोन्हींत शिरांचं जाळं आणि हालचाल स्पष्ट दिसते, म्हणजे जीव आहे.

नर सवयीप्रमाणे सकाळी दहाच्या सुमारास बसतो आणि दुपार टळली की उठतो. रात्रपाळी मादीची, तीच रिकामी. म्हणून रात्री अंडी पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलीत: ३७.५ अंश, आर्द्रता ५०-५५ टक्के. दिवसा नराखाली परत देतोय, कारण बसणं सुटलं की त्याच्या गळ्यातल्या पिशवीत दूध (पिल्लांना भरवायचा दाट स्राव, नर-मादी दोघांनाही येतो) तयार होणार नाही. घरट्यात लाकडी अंडी ठेवली आहेत, रात्री घरटं रिकामं दिसू नये म्हणून.

खरी चिंता पिल्लं फुटल्यानंतरची आहे. पहिले चार-पाच दिवस त्या दुधाला तोड नाही. हातावरचं खाद्य देऊन एका दिवसाचं पिल्लू जगवणं फार अवघड.

म्हणून अंडी दुसऱ्या कबुतरांखाली सरकवण्याचा विचार आहे. एका जोडीची अंडी सातव्या दिवसावर आहेत. आपली पिल्लं त्यांच्या हिशेबाने तीन दिवस आधी फुटतील. तेवढ्यात त्यांना दूध उतरेल का? दुसरी जोडी अकराव्या दिवसावर आहे, पण तिची स्वतःची दोन अंडी जिवंत आहेत. तिथे एकच अंडं सरकवलं तर तीन पिल्लं पोसली जातील, की धाकटं उपाशी राहील?

नर एकटा एक पिल्लू वाढवू शकतो का, रात्रीची ऊब बाहेरून दिली तर? अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर सांगा. सतराव्या-अठराव्या दिवशी फुटतील, हातात आठवडाच आहे.