मदत हवी आहे : आईची जन्मनोंद लिस्बनमध्ये केल्यास तिचे भारतीय नागरिकत्व धोक्यात येते का?

संत्रानगरी (धागाकर्ती), नागपूर

नमस्कार.

माझ्या आईचा जन्म १९५० साली मडगावात झाला. १९७३ साली लग्न होऊन ती नागपूरला आली आणि तेव्हापासून आम्ही सारे धरमपेठेत राहतो. वडिलांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि त्याला जर्मनीत स्थायिक व्हायचे आहे. मुलगी अकरावीत असून नीटची तयारी करते आहे. हा तपशील वाचताना अनावश्यक वाटेल, पण पुढच्या प्रश्नात प्रत्येकाचा संबंध येतो.

मुलाला त्याच्या एका गोवेकर सहकाऱ्याने सांगितले की, आजीचा जन्म १९६१ पूर्वीचा गोव्यातला असल्यामुळे आपल्याला पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते आणि मग युरोपीय संघात कुठेही नोकरी करता येते. त्याने गाठून दिलेल्या मध्यस्थाचे म्हणणे असे की, "आजीची नोंद करा, मग आईची, मग नातवंडांची, सगळ्यांचे काम होईल आणि भारतातले काहीही जाणार नाही." या वाक्याचा शेवटचा भाग मला पटत नाही, म्हणून स्वतः वाचून जेवढे समजले तेवढे येथे मांडते आहे. जाणकारांनी तपासून पाहावे, ही विनंती.

भारताच्या बाजूने आईची स्थिती स्पष्ट आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि 'गोवा, दमण आणि दीव (नागरिकत्व) आदेश, १९६२' नुसार, जी व्यक्ती स्वतः किंवा जिच्या आईवडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले होते, ती त्या दिवसापासून भारताची नागरिक मानली गेली. ज्यांना आधीचे राष्ट्रीयत्व राखायचे होते, त्यांना आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवायचे होते. आई तेव्हा अकरा वर्षांची होती आणि आजोबांनी असे काही कळवले नाही. कळवण्याचा प्रश्नच नव्हता. १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून त्यांनी 'फूल' या चिन्हावर शिक्का मारला होता आणि 'दोन पाने' जिंकल्याचा राग त्यांना शेवटपर्यंत होता. त्याच आजोबांच्या नोंदी आज पणतू पोर्तुगीज होण्यासाठी शोधतो आहे, यावर आमच्या घरात बरेच बोलून झाले आहे.

पोर्तुगालच्या बाजूने चित्र निराळे दिसते. आई पोर्तुगीज अमलाखालच्या भूमीत जन्मली, म्हणून त्यांच्या कायद्याने ती जन्मतः पोर्तुगीज नागरिक होती. भारताचे गोव्यावरील सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. पुढच्याच वर्षी त्यांनी आफ्रिकेतील वसाहती सोडताना जो हुकूम काढला, त्याने अंगोला, मोझांबिक इत्यादी ठिकाणी जन्मलेल्या बहुतेकांचे पोर्तुगीज नागरिकत्व संपुष्टात आले. पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना मात्र इच्छा जाहीर करून ते राखण्याची वाट त्याच हुकुमात ठेवली होती. त्यामुळे आजही गोव्यातील जुना जन्मदाखला लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून घेतला जातो, आणि त्यांच्या दृष्टीने हे नवे नागरिकत्व देणे नसून आधीपासून असलेले कागदावर आणणे असते.

माझी खरी अडचण येथे आहे. भारताच्या नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे जो भारतीय नागरिक दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने संपादन करतो, त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते; त्यासाठी वेगळा अर्ज किंवा हुकूम लागत नाही. आता जी बाई भारतीय होण्याच्या आधीच पोर्तुगीज होती, तिने वयाच्या पंचाहत्तरीत ती जुनी गोष्ट एका वहीत लिहवून घेतली, तर तिने काही 'संपादन' केले असे म्हणायचे का? तिला पासपोर्ट नको आहे, लिस्बन पाहायचीही इच्छा नाही. नातवासाठी ती सही करायला तयार आहे, मात्र "माझे मतदान गेले तर मी एकही कागद देणार नाही," असे तिने बजावून ठेवले आहे.

दुसरी शंका माझ्याबद्दल आहे. मध्यस्थाच्या म्हणण्याप्रमाणे साखळीत माझी नोंद झाल्याशिवाय मुलाची होत नाही. माझा जन्म नागपूरचा, म्हणजे माझ्या बाबतीत 'आधीपासूनचे' असे काही म्हणता येईल असे मला वाटत नाही. मी पोर्तुगीज ठरले आणि येथे ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारतात राहण्यासाठी मिळणारे कार्ड) राहिले, तर काटोलच्या बागेचे काय होईल? मुलीच्या वैद्यकीय प्रवेशावर परिणाम होईल का?

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. आईच्या जन्मनोंदीत आजोबांचे आडनाव 'कामोतीम' असे पोर्तुगीज वळणाचे आहे, शाळेच्या दाखल्यावर 'कामत' आहे, आणि लग्नानंतरच्या आधार कार्डावर नावही बदललेले आहे. आईवडिलांच्या लग्नाची नोंदणी झालेली नाही. त्या काळी नागपुरात लग्नपत्रिका आणि फोटो यांपलीकडे कोणी फारसे काही करत नसे. येथील दोन वकिलांना विचारले. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात आहे तसे गोव्यातही आहे, तरी गोव्याच्या कागदांची माहिती येथे सहसा कोणाला नसते, असा अनुभव आला.

मार्गदर्शन करावे. "कशाला जाता परदेशी" या स्वरूपाचे प्रतिसाद कृपया टाळावेत. तो वाद घरात रोज होतो.

मांडवीकाठ

ताई, आपण कायदा बराच नीट वाचला आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात असे म्हटले आहे की, भारतीय नागरिकाने दुसऱ्या देशाच्या सरकारकडून पासपोर्ट मिळवला असेल, तर त्याने ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा तो निर्णायक पुरावा होय. हा नियम वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच इझहार अहमद खान प्रकरणात दिलेला आहे. म्हणजे पासपोर्ट हाती आला की वाद संपला. मग जन्म कुठला, इच्छा काय होती, याला अर्थ उरत नाही. नुसत्या जन्मनोंदीबद्दल मात्र त्या परिशिष्टात असे गृहीतक नाही. अशा वेळी नागरिकत्व गेले की नाही, हे कलम ९(२) प्रमाणे केंद्र सरकार ठरवते. आपला 'आधीपासूनचे' हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो, पण तो मांडायचा असतो केंद्रीय गृह मंत्रालयासमोर, आणि मांडण्याची वेळ येते तीच मुळी कोणी तक्रार केल्यावर. गोव्यात निवडणुकीच्या आसपास अशा तक्रारी होतात, नागपुरात एका आजींविरुद्ध कोण करणार? तरीही धोका शून्य आहे असे लेखी देणारा मध्यस्थ भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे. आजींनी पोर्तुगीज ओळखपत्र किंवा पासपोर्ट, यांपैकी कशासाठीही अर्ज करू नये, एवढे माझ्या मते पक्के ठरवावे.

आपल्या बाबतीत फरक आहे. पोर्तुगीज कायद्यात परदेशी जन्मलेल्या अपत्याने आपल्याला पोर्तुगीज व्हायचे आहे असे जाहीर करायचे असते किंवा जन्म नोंदवून घ्यायचा असतो. त्याचा परिणाम ते जन्मापासून धरतात खरे, पण ती घोषणा आपण आज, समजून-उमजून केलेली असते. भारतीय कायद्याला 'स्वेच्छेने' म्हणायला एवढे पुरेसे ठरू शकते. त्यामुळे आपण स्वतः नोंद करण्याआधी दहादा विचार करावा.

मुलासाठी दुसरी वाट आहे, जी मध्यस्थाने सांगितलेली दिसत नाही, कदाचित तीन नोंदींऐवजी दोनच नोंदींचे शुल्क मिळते म्हणून. त्यांच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात मूळ पोर्तुगीज नागरिक असलेल्या आजी-आजोबांच्या नातवंडांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. २०२० च्या दुरुस्तीने त्यासाठी लागणारा देशाशी असलेला संबंध पोर्तुगीज भाषेच्या ज्ञानावरून सिद्ध करता येऊ लागला. आजींची नोंद तरीही लागेल, पण आपली लागणार नाही. मुलगा भाषा शिकायला तयार आहे का, हे आधी विचारा.

नीलपर्वत

तुलनेसाठी एक माहिती. पुदुच्चेरीत हा गोंधळ नाही, कारण तेथे दोन्ही देशांचा करार झाला होता. १६ ऑगस्ट १९६२ रोजी तो अमलात आला आणि फ्रेंच नागरिकत्व राखायचे असेल त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. ज्यांनी ते राखले ते फ्रेंच, बाकीचे भारतीय. तेथील फ्रेंच नागरिक आजही फ्रान्सच्या निवडणुकीत मतदान करतात. गोव्याबाबत पोर्तुगाल तेव्हा बोलायलाच तयार नव्हता. भारताने एकतर्फी एक महिना दिला, आणि लिस्बनच्या लेखी पुढची तेरा वर्षे सगळा गोवा पोर्तुगीजच राहिला. दोन्ही देश आपल्या आईला आपापली नागरिक मानतात, त्याचे मूळ यात आहे.

विधिज्ञ_सदर

बाग आणि नीट यांविषयी लिहितो.

ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन, फार्महाऊस अथवा मळा विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येऊ शकते. त्यामुळे वडिलांची बाग पुढे वारसाने आपल्याकडे किंवा मुलाकडे येण्यास अडचण नाही. पण वडील हयात असताना बक्षीसपत्र करून ती मुलाच्या नावे करण्याचा विचार असेल, तर तो मुलगा पोर्तुगीज होण्यापूर्वीच करावा लागेल. शेजारचे शेत जोडून घेण्याचा विचार तर मुलाने सोडूनच द्यावा.

मुलीचे नाव या प्रकरणात अजिबात गोवू नका. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेपासून ओसीआय कार्डधारकांना नीटमार्गे केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) जागांवर प्रवेश मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या अधिसूचनेतून सवलत दिली ती त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांनाच. "नंतर परत भारतीय होता येते," असे कोणी सांगेल. कलम ५ मध्ये पाच वर्षे ओसीआय आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य, अशी वाट आहे खरी, पण सज्ञान झाल्यावर वर्षभरात नागरिकत्व परत घेण्याची कलम ८(२) मधील सोय ज्यांच्या पालकांचे नागरिकत्व कलम ९ प्रमाणे गेले त्यांच्या मुलांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. मुलीला ज्या राज्य कोट्यातून प्रवेश हवा आहे, तो नागरिकत्वावरच उभा आहे.

लग्नाची नोंदणी अजूनही महानगरपालिकेत करता येते; दोघेही हयात आहेत हे भाग्य समजा. नावांतील फरकासाठी आधी मडगावच्या नागरी नोंदणी कार्यालयातून मूळ नोंदवहीतील पानाची प्रमाणित प्रत आणा, टंकलिखित उतारा नव्हे. 'कामोतीम' आणि 'कामत' हा फरक गोव्यात आणि लिस्बनमध्येही ओळखीचा आहे. त्रास होतो तो लग्नानंतर बदललेल्या नावाचा, आणि तो दुवा विवाह नोंदणीनेच जोडला जातो.

संत्रानगरी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. नातवंडांच्या स्वतंत्र तरतुदीची माहिती आम्हाला नव्हती आणि तिने निम्मा प्रश्न सुटतो. आज घरी बसून असे ठरवले की, मी आणि मुलगी यातून पूर्ण बाहेर राहू. मुलाने आधी पोर्तुगीज भाषेचा वर्ग लावावा. सहा महिने टिकला, तर पुढचे पाहू. मुलगा जरासा नाराज आहे, कारण त्याने जर्मनचा वर्ग आधीच सुरू केला आहे.

आईबद्दल मात्र अजून एक विचारायचे आहे. जन्मनोंद करण्यापूर्वीच तिने केंद्रीय गृह मंत्रालयाला पत्र लिहून, केवळ नोंदीमुळे आपले नागरिकत्व जात नाही ना, असे विचारले तर चालेल का, की त्यामुळे नसलेली चौकशी मागे लागेल? आई म्हणते, विचारूनच करू. वडील म्हणतात, सरकारला आपण होऊन काही विचारू नये. मांडवीकाठ यांनी यावर मत द्यावे.

मांडवीकाठ

कलम ९(२) मध्ये आगाऊ मत मागण्याची पद्धत नाही. प्रश्न उपस्थित झाल्यावरच निर्णय होतो. पत्राला उत्तर येण्याची अपेक्षा ठेवू नका. पण आजींचा स्वभाव आपण सांगितला तसा असेल तर पत्र पाठवावे आणि पोचपावती जपून ठेवावी, कारण उद्या कोणी विचारलेच, तर काहीही लपवले नव्हते हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल. पत्रात पासपोर्ट किंवा ओळखपत्र घेणार नसल्याचे स्पष्ट लिहा. मसुदा करून व्यक्तिगत निरोपातून पाठवलात तर पाहून देईन.