मदत हवी आहे: ब्रसेल्सच्या ताईला आणि इथे आईला कसं सावरू?

२२ मार्च २०१६ ला सकाळी ब्रसेल्सच्या झावेंटेम एअरपोर्टवर स्फोट झाले आणि तासाभराने मालबेक स्टेशनला मेट्रोत, ताई रोज त्याच लाइनने ऑफिसला जाते. ती सुखरूप आहे. पण तिकडे नेटवर्क जाम होतं, फोन लागतच नव्हते, शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर "मी ठीक आहे" एवढंच आलं, तोवर आई देवापुढून उठली नव्हती. आता दोघींचंही बिनसलंय. ताईला झोप नाही, मेट्रोच्या जिन्यापाशी गेली की पाय उचलत नाही म्हणते, आणि आईचं एकच, नोकरी सोड नि घरी ये, अगं पण स्फोटांनंतर एअरपोर्टच बंद होतं, मग येणार कशी! त्यात तो फोटो, फाटलेला पिवळा युनिफॉर्म, धुळीने माखलेली आपल्या मुंबईची एअर होस्टेस, आई तो बघते नि परत रडते, टीव्ही बंदही करू देत नाही. आम्ही २६/११ बघितलंय, दुसऱ्या दिवशी लोकलही पकडलीये, पण माणूस इतकं लांब असलं की जीव जास्त टांगणीला लागतो, इथे निदान धावत तरी जाता येतं.

ब्रसेल्समध्ये आपलं कुणी आहे का जे सुरुवातीला तिच्यासोबत मेट्रोने जाईल? मराठीत ऑनलाइन बोलणारे चांगले काउन्सेलर माहीत आहेत का? आणि आईला त्या बातम्यांपासून कसं लांब ठेवू, कुणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज सांगा.